रविवारपर्यंत

कॉलेज रोडच्या पार्लरात हर्षाली म्हणाली,
ताई, आधी नखावरचं तेल जायला हवं,
व्हिनेगरचा बोळा फिरवायचा.
मग पातळ हात. दोन. घाई नको.
आणि नखाची कड, तीच विसरतात सगळ्या,
तिच्यावरूनही ब्रश ओढून घ्यायचा.
तिसऱ्या दिवशी वरून एक पारदर्शक.
भांड्यांना रबरी मोजे, रात्री खोबरेल.
आणि नखं म्हणजे पक्कड नव्हे, हं!

लग्न रविवारी, नणंदेचं, ओझरला.
सोमवारपासून मी बोटांच्या पोटांनी जगतेय.
दुधाची पिशवी कात्रीने, डब्याचं झाकण चमच्याने,
मटार तर मामंजींनीच सोलले, न बोलता.
रंग जांभळा,
आमच्या शरद सीडलेसचा मणी धुऊन पुसावा तसा.

शुक्रवारी ते बागेतून आले,
तळहातात मांडवाच्या बांबूचं कुसळ.
चिमटा सापडेना.
दोन ड्रॉवर उपसले, देव्हाऱ्यामागेही पाहिलं.
ते म्हणाले, राहू दे, निघेल आपोआप.
मी त्यांचा हात खिडकीशी नेला,
श्वास धरला
आणि पक्कड केली.

कुसळ निघालं. सोबत
अंगठ्यावरचा टवका,
तांदळाएवढा.

रविवारी अक्षता घेतल्या मुठीत,
अंगठा आत.
हर्षालीने विचारलं तर
नऊच सांगेन.