निळं कार्ड, चंदेरी कार्ड

डलूथमध्ये, फ्रीजच्या दारावर
आर्विडच्या अक्षरातली चिठ्ठी:
पेट्रोल – निळं. किराणा – चंदेरी.
दाताचा डॉक्टर मार्चनंतरच,
बोनस तेव्हा लागतो.

महिनाभर दाढ सुजवून बसला होता
लवंग चावत.
ट्रॉम्सोची दोन तिकिटं, फुकट –
‘फुकट’ म्हणताना कान लाल व्हायचे त्याचे.

आज शवपेटीचं बिल.
कोरालीने आधी निळं काढलं,
मग चंदेरी.
चिठ्ठीत हे कुठेच नव्हतं.

“कार्डावर तीन टक्के जास्त पडतील,”
काउंटरवरचा माणूस हळूच म्हणाला.

तीन टक्के!
बाजूच्या खोलीतून
कुणीतरी घसा खाकरल्यासारखं वाटलं तिला.

कार्डं मुकाट आत गेली.
तिने चेक फाडला.
पेन उमटेना,
दोनदा झटकावं लागलं.