घर लिहायची रीत

नंदगडच्या बाजारात निंगव्वानं
चिपट्यानं मोजून दिले,
वर एक मूठ जास्तीची.
ती म्हणाली नवणी, मी म्हणालो राळे.
भाव तेवढा दोघांना एकदम कळला.
बी कुठलं विचारलं तर म्हणाली,
सासूच्या सासूचं.
त्याच्या मागचं तिला ठाऊक नव्हतं.

आता जांबोटीच्या अंगाला, रानाच्या कडेला
अर्धा एकर डोलतंय,
कोल्ह्याच्या शेपटासारखी कणसं.
मी माळ्यावर. पत्र्याचा डबा, बॅटरी.
शिडीशी बिल्ल्या.

रेडेकर गुरुजी सांगत होते, हे मूळचं चीनचं.
आठ हजार वर्षं झाली म्हणे,
पिवळ्या मातीच्या नदीकाठी
गवतच होतं ते.
पिकलं की सांडायचं,
वाऱ्याचं वाऱ्याला, मुंगीचं मुंगीला.
मग कुठल्याशा ताटावर
दाणे धरूनच राहिले.
गवताच्या लेखी ती खोड.
एका बाईनं
(निंगव्वाच असणार, दुसरी कोण)
तेवढंच खुडलं, तेवढंच पेरलं,
आणि खोडीचं वाण झालं.

कोंड्याच्या वासानं डुक्कर आलं.
कुणी हाकललं नाही.
पिल्लं उकिरड्यावर वाढली,
पिढ्यांमागून पिढ्या सुळे आखूड होत गेले.
कुत्रं त्याच्याही आधीचं,
घरचा थोरला असल्यासारखं
चुलीशी बसलेलं.

मी शाळेत तांदळाचं पोतं उतरवत होतो तेव्हा
गुरुजींनी फळ्यावर चिनी अक्षर काढलं:
वर छप्पर, छपराखाली डुक्कर.
मिळून वाचायचं, घर.
पोरं खो खो हसली.
पोतं खांद्यावर, मीही.

काल रात्री दोनच्या सुमाराला बिल्ल्या गुरगुरला.
रानातून एकटाच आला तो,
मानेवर राठ केसांचा कंगवा उभा,
कुठल्याच नदीकाठी कुणाशी
काहीही न ठरवलेला,
सुळे शाबूत.
कणसं मोडत मोडत
थेट माळ्याखाली.

डबा हातातच होता.
वर गवताचं छप्पर,
खाली त्याचं फुरफुरणं,
चघळल्या राळ्याचा ओला वास.
मध्ये मी, कुठली मात्रा कोण जाणे.

सकाळी आई विचारेल, डोळा लागलेला काय रं?
नाही, अक्षर जुळलं होतं.
वाचून होईपर्यंत वाजवला नाही.

मग वाजवला.
तोवर चार ओळी गेल्या होत्या.