नमदा, एकशे ऐंशी केबी

आत-बाशीत, पोस्टाच्या मागच्या गल्लीत
झूराकान मावशीचं दुकान म्हणजे एक खोली,
एक चूल, एकोणीस नमदे,
आणि गेल्या थंडीपासून एक वेबसाइट,
जी उघडायला
समोवार उकळायला लागतो तितका वेळ लागतो.

"थांबत नाहीत गं लोक," मी म्हणाले.
"का थांबतील? पाहुण्याला दारात उभं करून
कोणी किल्ली शोधत बसलं
तर मीसुद्धा पुढच्या घरी जाईन."

फोटो उरमतने काढलेले, माझ्या भावाने,
बिश्केकहून आणलेल्या कॅमेऱ्यावर, मोठ्या हौसेने.
एकेक फोटो नऊ एमबी,
भिंतभर छापता येईल असा.
आणि बघणाऱ्याच्या हातात
तळहाताएवढा पडदा.

आकार कमी करायचा, पण माल कमी करायचा नाही,
हे मावशीला कसं सांगावं याचा मी रस्ताभर विचार केलेला.
सांगावं लागलं नाही.
"पंधरा मेंढ्यांची लोकर या खोलीत मावत नाही.
उकळतं पाणी ओततो, चटईत गुंडाळतो,
गल्लीच्या टोकापर्यंत लाथाडत नेतो,
तेव्हा बोटभर जाडीचा नमदा उरतो.
ऊब कुठे जाते का?
कर तू. लाथाड."

मी लाथाडलं.
रुंदी सहा हजारांवरून बाराशेवर.
कडेची पायरी, मांजर, उरमतची सावली, सगळं कापलं.
चार हजार चारशे एकाहत्तर नंबरच्या फोटोला
माणसासारखं नाव दिलं: लाल-काळा-शिंगांचा-नमदा.
दर्जाची पट्टी ओढत साठावर आणली.
चटकन उघडला!
मला वाटलं, आता शाबासकी.

मावशीने चष्मा लावला, नाक पडद्याला टेकवलं.
"हा माझा नाही."
"तुझाच आहे."
"मग शारकुलची ओळ कुठे गेली?"

डाव्या खालच्या कोपऱ्यात
धाकट्या बहिणीने घातलेली शिवण,
मोतीबिंदूच्या पहिल्या वर्षातली,
दारुड्यासारखी चाललेली.
तिच्यापायी दोघींचा तीन महिने अबोला होता.
साठावर ती विरघळून गेली होती
लाल रंगाच्या चिखलात,
जणू कोणाचा हात कधी चुकलाच नव्हता.

"बरं झालं की. सुबक दिसतो."
"सुबक दिसतो, आणि माणूस घरी नेऊन उलगडतो
आणि म्हणतो, बाईने फसवलं.
वाकडं आहे ते वाकडं दिसू दे."

पासष्ट. नाही.
सत्तर.
बाहेर कोणाची तरी घोडी खिंकाळली, चहा गार झाला.
अठ्ठ्याहत्तरावर
टाका टाका करत ती ओळ वर आली,
झोकांड्या खात, शाबूत.
एकशे ऐंशी केबी.
"ही बघ मेली," मावशी म्हणाली
आणि पडद्यावर बोट ठेवलं,
ओळीवर नाही, जरा बाजूला,
मळेल म्हणून.

एक काम राहिलं होतं.
फोटोच्या पोटात लिहायचे चार शब्द,
ज्यांना दिसत नाही त्यांना ऐकू येणारे,
किंवा वर कुरणावर, जिथे रेंजची एकच काडी,
तिथे चित्राच्या आधी पोचणारे.
मी लिहिलं: लाल-काळा नमदा, चार शिंगं, काठाला पांढरी दोरी.

"शारकुलला ऐकू येईल हे?"
"तिचा नातू लावून देईल फोनवर."

मावशीने चुलीत एक शेणी सारली. दुसरी सारली.
"मग लिही,
डाव्या कोपऱ्यातली ओळ तिची आहे.
वाकडी आहे, असं नको लिहू."