मधली खुर्ची

मोतीराम गिरकरांचा मांगर अठरा फूट लांब.
भोगव्याच्या समुद्राकडे पाठ करून बसलेला.
पूर्वी त्यात जाळी असायची, वल्ही, सुक्या मासळीचा वास.
वास अजून आहे. बाकी काळा पडदा, जाड गालिचा
आणि कोल्हापूरहून फोंड्याचा घाट उतरून आलेले
चार सबवूफर.
एकेक अडतीस किलोचा. उचलायला मी आणि पास्कू.

चार कशाला, मी फोनवर विचारलं होतं.
ते म्हणाले, सत्तावीस वर्षं इंजिनरूमच्या डोक्यावर झोपलो,
बंकच्या पत्र्याला पाय लावून.
घरी आल्यापासून पायांना काही ऐकू येत नाही.

पहिल्या दिवशी एकच लावला.
रीत अशी, की डबा ठेवायचा बसायच्या जागी
आणि रांगायचं माणसाने.
भिंतीकडेने, कान जमिनीपासून वीतभर, कुर्लीसारखं तिरपं.
जिथे आवाज फुगत नाही, तिथे खडूची फुली.
पन्नाशीचा मी, ढुंगण वर,
आणि दारात गिरकरांच्या नाती हसून बेजार.

फुली पडली कोपऱ्यात.
पण चिऱ्याची भिंत आवाज पीत नाही,
आला तसा परत करते, उधारी न ठेवता.
एकतीस हर्ट्झची लाट पडद्याकडून निघते,
मागच्या भिंतीवरून फिरते,
आणि बरोबर मध्यावर
जाणारी नि येणारी एकमेकींना पुसून टाकतात.
भरतीला कर्लीच्या मुखाशी पाणी जसं
घटकाभर ना नदीचं असतं ना समुद्राचं.

नेमकी तिथे कुंदाकाकींची खुर्ची.
मांडीवर सूप, सुपात कुळीथ.
पडद्यावर जहाज फुटत होतं,
स्वयंपाकघरात बरणीचं झाकण नाचत होतं,
माडावरचा कावळा उडाला,
आणि काकींच्या सुपातला एक दाणा हलला नाही.

काकी, तुमच्यावर अन्याय होतोय, मी म्हणालो.
उद्या दुरुस्त करतो.
त्या खडे निवडत राहिल्या.

दुसरा दिवस. तिसरा. समोर दोन, मागे दोन.
घळाच्या काठीला बांधलेला माइक,
लॅपटॉपवर एक रेघ, तिच्यात खड्डा
आमच्या परुळ्याच्या रस्त्यासारखा.
पातळी जुळवली. फेज जुळवला.
खारी हवा तांबं खाते म्हणून तारांच्या टोकांना व्हॅसलीन.
दोनदा लाइट गेली.
दिवेलागणीला रेघ सपाट झाली,
पास्कूने तिचा फोटो काढून बायकोला पाठवला.

गिरकर मागच्या सोफ्यावर बसले, अनवाणी,
तळवे फरशीला. डोळे मिटले.
बऱ्याच वेळाने म्हणाले, "मोंबासा सुटला."

सुपात कुळीथ थुईथुई.
काकी उठल्या, सूप कमरेला लावलं
आणि पडवीत जाऊन बसल्या. डासांत.

रात्री बांगड्याचं तिखलं वाढताना, मला एकट्यालाच:
"तुमचो तो खड्डो होतो ना,
बरो होतो माका."

जन्मभर खड्डे बुजवत आलो.
परत कुणी मागितला नव्हता.

सकाळी निघण्याआधी त्यांना दाखवली
मागच्या दोघांच्या पाठीवरची बटणं. नखाएवढी.
शून्य आणि एकशे ऐंशी.
वर असली की चौघे एका दमात.
खाली ओढली की मागचे समोरच्यांच्या उलट श्वास घेतात
आणि मधोमध पाणी थांबतं.
मागच्या सोफ्यावर कळायचं नाही,
उलट जरा जास्तच हादरेल.
काकींनी हातातल्या बांगडीची सेफ्टी पिन काढली,
खाली ओढून पाहिलं. पुन्हा वर केलं.
बिलात हे काम लिहिलं नाही.

गणपती विसर्जन झाल्यावर फोन. गिरकर स्वतः.
मागची बटणं गंजली, म्हणाले. हलत नाहीत.
कुठल्या बाजूला अडकलीत, मी विचारलं
आणि जीभ चावली.
पलीकडे बराच वेळ नुसती घरघर, इंजिनसारखी.
"तिच्या," ते म्हणाले.
"येव नको. नुसतां सांगूक फोन केलंय."