लंगडं घड्याळ

चेंदणीच्या वाचनालयात टांगायला भिंती दोनच,
एक खाडीकडची, एक स्टेशनकडची.
बाकी कपाटं.

नगरसेवक बदलला की फलक बदलतो,
खुर्च्यांचा रंग बदलतो
आणि घड्याळ समोरच्या भिंतीवर जातं.
का, ते कुणी सांगत नाही.
बहुधा आधीच्याने ठोकलेल्या खिळ्याला
आपलं काही टांगायचं नसतं.

दोन दिवसांत ते बंद पडतं
आणि मला बोलावणं येतं :
नाखवा, घड्याळ मेलं.

मरत नाही ते. वाकडं टांगलेलं असतं.
लंबकाचं घड्याळ सरळ आहे की नाही
हे डोळ्याला नाही, कानाला कळतं.
मी स्टुलावर चढतो, कान लावतो.
टिक… टकटिक… टकटिक…
लंगडतंय.
एका बाजूला रेंगाळतं,
दुसरीकडून चटका बसल्यासारखं परततं.
पेटी बोटभर डावीकडे. नखभर उजवीकडे.
खाली पेपरवाले माना वर करून बघतात,
त्यांना वाटतं मी काहीच करत नाहीये.

सत्तावीस वर्षांत सहा वेळा.
चौथ्या वेळी तेच गृहस्थ आले जे दुसऱ्या वेळी आले होते,
फक्त पलीकडच्या बाजूने.
घड्याळाकडे बघून म्हणाले, जुनं दिसतंय.

एका निवडणुकीत आचारसंहितेचे साहेब
काचेवर वर्तमानपत्र चिकटवून गेले.
चिन्ह आहे म्हणे ते.
महिनाभर वाचनालयात वेळ दिसली नाही,
नुसती ऐकू येत राहिली.

मोरेश्वर कर्णिक रोज येतात, अग्रलेख वाचतात,
चष्मा पुसतात आणि हवेत बोट हलवतात :
इकडून तिकडे, तिकडून इकडे. दुसरं काय?
एकदा मी झाकण काढून दाखवलं.
बघा, लंबक काटे फिरवत नाही,
तो नुसता अडवतो आणि सोडतो.
एका फेरीला चाकाचा एक दात पुढे.
सुटण्याआधी चाक जरासं मागे कचरतं,
तेही बघा.
आणि टोकाला, जिथे लोक हार घेऊन उभे असतात,
तिथे तो थांबलेला असतो.
सगळ्यात जोरात जातो मधून,
तिथे कुणी फोटो काढत नाही.
कर्णिक म्हणाले, उभे राहा तुम्ही.

पण एक गोष्ट मीही सांगायची विसरलो.
किल्ली.
लंबक स्वतःच्या जोरावर तासभर चालायचा नाही.
दर सोमवारी गजराबाई खैरे
झाडू कोपऱ्यात ठेवते, हात पदराला पुसते
आणि मोजून चौदा पीळ देते.
तिच्या पिशवीत, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या,
महापालिकेच्या पोचपावत्या आहेत. अकरा.
बायकांच्या संडासाला आतून कडी हवी.
एकाने संडास बांधला,
दुसऱ्याने त्याचा फलक उखडून आपला लावला,
तिसऱ्याच्या काळात दारं आली,
त्यानंतरच्याने ती रंगवली.
कडी बसली गेल्या दिवाळीच्या सुमारास.
कुणाच्या काळात? मी विचारलं.
सोमवार होता, म्हणाली.

आता पुन्हा मे महिना.
उन्हाने दांडी लांबते, घड्याळ मागे पडतं,
आठवड्याला मिनिटभर.
लंबकाखालचा आटा अर्धा फेरा वर घेतला,
काच पुसली, झाकण लावलं.
निकाल परवा.
समोरच्या भिंतीवर कुणीतरी
पेन्सिलने आत्ताच एक फुली मारून ठेवलीय.

स्टूल मी तिथेच ठेवून आलो.