बारा वाजून दहा मिनिटं

फोटो माझ्याकडे आला तेव्हा त्यावर आधीच
लाल पेनाने गोल मारलेला होता.
गोलात टाकीच्या बुडाशी राखाडी धूर,
मागच्या बाजूला कुणाच्या तरी तिरप्या अक्षरात :
पडण्याच्या एक मिनिट आधी.

उरकुडाजी हेडाऊ खुर्चीवर टेकले नाहीत.
“मॅडम, तुम्ही भूगोलाच्या. तुम्हीच पाहून सांगा जी.
सारी इतवारी म्हणून राहिली, सुरुंग होता.”

काल ठेकेदाराचा वकील येऊन गेला.
हाच फोटो, हाच गोल, हाच प्रश्न.
एकाला सुटायचं होतं, एकाला कुणाला तरी धरायचं होतं,
आणि दोघांना हवा होता तोच धूर.

मी आधी गोलावर अंगठा ठेवला.
गोल दिसला की डोळा दुसरीकडे चरायला जात नाही.

सव्वीस मे.
तीस वर्षं या तारखेला मी शाळेच्या मैदानात काठी रोवली.
नागपुरात त्या दिवशी बारा दहाला
काठी आपली सावली गिळून उभी राहते.
पोरं टाळ्या वाजवायची,
मग तळवे भाजले की वर्गात पळायची.

चौकीदाराचं घड्याळ ढिगाऱ्यातून निघालं,
बारा दहावर थांबलेलं.
त्यावर कुणाचा वाद नाही.

पण फोटोतल्या विजेच्या खांबाला सावली आहे.
पश्चिमेकडे, उदबत्तीवाल्याच्या ओट्यापर्यंत,
खांबाच्या निम्मी.
फरशा मोजल्या, फुटपट्टी लावली, तीनदा लावली,
कारण खरं सांगायचं तर
सुरुंग निघावा असं मलाही वाटत होतं.

म्हणजे साधारण सव्वादहा, साडेदहा.
त्या वेळी चौकात डांबर तापत होतं.
ड्रमचा काठ दिसतो,
गोलाच्या रेषेला लागून, बाहेर.

बाहेर अजून एक आहे.
टाकीच्या तिसऱ्या पायावर वरून खाली
ओली रेघ,
पंचेचाळीस अंशांतही न सुकलेली,
आणि तिच्या शेवटी चहा सांडावा तसा गंज.
त्याबद्दल मला वकिलाने विचारलं नाही.
उरकुडाजींनीही नाही.

मी म्हटलं, सावली वेळ सांगते, हेतू सांगत नाही.
हा धूर डांबराचा, एवढं मी लिहून देईन.
साडेदहानंतर कोण आलं, कोण गेलं,
ते या कागदावर नाही.
सुरुंग नव्हताच, हेही या कागदावर नाही.

“म्हंजे गंजानं मारलं माह्या पोराले?”

पंखा फिरत होता. कूलरमध्ये पाणी संपलं होतं.

मग त्यांनी फोटोच्या कडेला बोट ठेवलं.
“हा सेवक. दुपट्टा त्याचाच आहे. सायकल धरून उभा.”
मी भिंग लावलं.
चार दाणे होते. करडे, एकाखाली एक.
सावलीसाठी तीनदा पट्टी लावणारी मी
दाणे मोजले नाहीत, मोठ्याने.

“उन्हात उभा आहे पाहा. उन्हाची सवय होती त्याले.
मंग टाकीखाली गेला कायले?”

हे मात्र मला ठाऊक होतं.
अकरापासून भिंतींनी सावल्या आत ओढल्या,
ओट्याने आपली ओढली, खांबाने आपली,
सायकलीची चाकाखाली गेली.
बारा दहाला अख्ख्या चौकात
एकच गोल सावली उरली होती,
टाकीच्या बरोब्बर खाली,
बसा म्हणणारी.
एकेचाळीस माणसं बसली.

अहवालात या गोष्टीसाठी रकाना नव्हता.
त्यांना सांगितलं. ते ऐकत होते की नाही कळलं नाही.

जाताना म्हणाले,
“हा लाल गोल पुसता येते का जी?
पोरगं बाहेर राहिलं त्याच्या.”

कापूस स्पिरिटमध्ये भिजवून मी पुसला.
पूर्ण गेला नाही.
धुरावर थोडा गुलाबी राहिला.