उधारीचं पान

आज सकाळी जलीबची तार निघाली.
पालिकेच्या दोघांनी तिची गुंडाळी केली,
ट्रकवर फेकताना हसत होते.
डांबरात भोकं उरलीत, दर आठ पावलांवर.

मोबाइलवर संदेश: सहकार्याबद्दल आभार.

कुन्हाली दुकानातली वही काढतो.
दहावा रोजा: खुबूस दोन, अंडी चार.
बारावा: पॅनाडॉल. तेरावा: पॅनाडॉल, लिंबू.
चौदावा: पॅनाडॉल.
पुढे कोरं.

शफीक चोगले, दाभोळचा, सुतार.
खोली नऊ, वरचा पलंग.
हेल्पलाइनची धून आम्ही रात्रभर ऐकली,
गाडी तिसऱ्या दिवशी आली.
कागदावर लिहिलं: नैसर्गिक.

वकिलातीत म्हणाले, इथल्यांना विचारा.
इथले म्हणाले, आता सगळं खुलं झालं ना?

झालं. समुद्र पाहिला. केस कापले.
न्हाव्याचा हात मानेवरून फिरला
तेव्हा कोण जाणे का, रडू आलं.

कुन्हाली पेन उचलतो.
मेलेल्याची उधारी खोडतो, म्हणतो.
नको, म्हटलं. पावणेदोन दिनार मी देतो,
पान तेवढं फाडून दे.
अर्जाला जोडायचंय.

अर्ज कुणाच्या नावे लिहायचा,
ते मात्र अजून ठरत नाहीये.